लॉबीत बसा, म्हणाली

— नाही नाही, सरकू नकोस, भरपूर जागा आहे बाकावर, मी असाच कडेला बसतो, सवय आहे. 'तू' म्हटलं तर चालेल ना? माझी थोरली तुझ्याच वयाची आहे, तोंडातून 'तुम्ही' निघतच नाही. मोबाइल दिलास का त्या खिडकीत? मग आधी देऊन ये, बंद करून दे — स्टाफगेटचा नियम आहे, मागच्या दारानं आत आलं की फोन सिक्युरिटीकडे, ते पिशवीत घालतात आणि बिल्ला देतात, हा बघ माझा. — दिलास? छान. ट्रेनी म्हणून आलीस ना? ओळखलं मी. कशावरून काय, बुटांवरून. कोरे काळे बूट आणि डावी टाच सारखी उचलतेयस, म्हणजे चावतोय. कापूस लाव उद्यापासून, आणि मोजा जाड घाल. पहिला महिना सगळ्यांचाच असा जातो. नंतर बूट सैल होतो, किंवा पाय निबर होतो, दोन्हीतलं एक काहीतरी होतंच.

मी? मी मुलाखतीला आलोय. ड्यूटी मॅनेजर. हसू नकोस, वय दिसतंय मला माझं, पण फोन त्यांचाच आला होता, मी नव्हता केला. म्हणजे अर्ज मी केला होता, ते वेगळं. परवा एक मुलगी बोलली फोनवर, गोड आवाज, म्हणाली, सर, दहा वाजता या, लॉबीत बसा, कॉफी घ्या, आमची टीम तिथंच भेटेल तुम्हाला. लॉबीत बसा! कॉफी घ्या, म्हणे! मी मनात म्हटलं, पोरी, तू कोणाला शिकवतेस. तुला कळलं का ह्यातलं? नाही कळायचं, तू नवीन आहेस, पण ऐकून ठेव, कामाला येईल. ही परीक्षा असते. लॉबी कोणाची? पाहुण्यांची. तिथल्या सोफ्यावर आपण बसायचं असतं का? आयुष्यात नाही बसायचं. आमचा पहिला साहेब होता, त्याला सगळे टाचणीसाहेब म्हणायचे — गालिच्यावर मुद्दाम टाचणी टाकून जायचा आणि नंतर येऊन बघायचा कोणी उचलली की नाही — तर त्या टाचणीसाहेबानं आम्हा सगळ्या पोरांना असंच लॉबीत बसा म्हणून सांगितलं आणि स्वतः वरच्या कठड्यापाशी उभा राहिला. जे बसले ते गेले. टेकले रे टेकले की नाव कापलेलं. मी खांबाशी उभा होतो, हात मागे, पाठ ताठ, येणाऱ्याजाणाऱ्याला मान लववून. मला घेतलं. त्या दिवशी जे शिकलो ते शिकलो, कानाला खडा. म्हणून आज मी सरळ मागून आलो, गेटवर सांगितलं मुलाखतीला आलोय, बसलो इथं. बोलावतील. ज्याला हवंय तो बरोबर शोधत येतो — नाही का?

तुला किती सांगितलंय? स्टायपेंड गं, पगार कुठला देतायत ट्रेनीला. — अच्छा. जेवण धरून की वगळून? — धरून. म्हणजे बसभाडं आणि हे बूट. बुटांचे पैसे त्यातूनच कापणार असतील ना? मग बसभाडंच. नाही, तुला नाउमेद करायचं म्हणून नाही सांगत, पण कोर्सवाल्यांनी तुम्हाला काय चित्र दाखवलं असेल ते मला पाठ आहे, टाय लावलेला हसरा माणूस, मागे समुद्र. माझ्या पहिल्या पगारात, ऐक, दोन खोल्यांचं भाडं जायचं आणि आईला साडी यायची, महिन्याच्या शेवटी थोडं उरायचंसुद्धा. आता ज्या जागेसाठी मी बसलोय ना, मॅनेजरची, तिच्या पगारात एक खोली येईल. स्वयंपाकघर सामायिक. वीस-बावीस वर्षं झाली आणि पगार उलटा चालत माझ्याकडे परत येतोय. हॉटेलं काय कमी झालीत? छे. ह्या एका रस्त्यावर मोज किती उभी राहिली. खोल्या वाढल्या, दर वाढले, पाहुणे वाढले, आपण तेवढे कमी झालो. कसे ते सांगू? तुझ्यामुळे. रागावू नकोस, तुझी चूक नाही. सहा महिने ट्रेनी घ्यायचा, सगळं करून घ्यायचं, रिसेप्शन, बॅगा, नाश्त्याची टेबलं, वेळ पडली तर खोल्यासुद्धा — मग हातात सर्टिफिकेट, टाळ्या, फोटो, आणि दुसरी बॅच. कायम कोणाला करायचंच नाही. चार ट्रेनी मिळून एक मी होतो, आणि तरी चौघं मिळून माझ्यापेक्षा स्वस्त पडतात. हे गणित कोणालाही सुटतं. टाचणीसाहेबालासुद्धा सुटलं असतं.

ते बघ, चादरींची गाडी आली. वास घे — गरम कापडाचा. मला आवडतो हा वास, घरच्यांना नाही कळत. आमचं जुनं हॉटेल एका मोठ्या कंपनीनं विकत घेतलं तेव्हा सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावलं, पाणी दिलं, बिस्किटं दिली आणि सांगितलं की तुमची कामं जशीच्या तशी आहेत, फक्त त्यासाठी पुन्हा अर्ज करा. स्वतःच्याच खुर्चीसाठी अर्ज! खुर्ची म्हणतोय, पण खुर्ची नव्हतीच कधी, काउंटरमागे उभंच राहायचं. केला अर्ज. काय करणार? आणि घेतलं कोणाला, तर मीच तयार केलेल्या दोन ट्रेनींना. पोरं चांगली होती, त्यांचं मला वाईट नाही वाटत. एक तर रडला माझ्यासमोर, म्हणाला सर, मी नाही म्हणतो त्यांना. मी म्हटलं, गाढवा, नाही म्हणशील तर तिसरा येईल. त्यानंतर अर्जांचं जे सुरू झालं ते सुरू झालं. आता म्हणे माणूस बघतच नाही अर्ज, यंत्र बघतं. वयाचा रकाना भरला की खेळ खलास. ही पहिली जागा जिथून माणसाचा आवाज आला — म्हणून तर —

किती वाजले गं? हो, फोन नाही ना तुझ्याकडेपण. भिंतीवरचं घड्याळ बंद दिसतंय. असू दे. मुलाखतींना उशीर होतोच, वरचे साहेब लोक नाश्ता करत असतील.

नाही, आज व्हायलाच पाहिजे. म्हणजे, मी काही कोणाला बोललो नाही असं, पण आजचं झालं नाही तर संपलं. माझा मेहुणा आहे, बायकोचा थोरला भाऊ, फरशांचं दुकान आहे त्याचं, माणूस वाईट नाही, तसा दिलदार आहे. त्याला गोदामावर बसायला कोणीतरी घरचा हवाय. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचंय, नाहीतर तो दुसरा माणूस ठेवणार, आणि बरोबर आहे त्याचं, किती दिवस थांबेल? आणि गंमत बघ, तो ह्या हॉटेलपेक्षा जास्त देतोय. खरंच. पंखा आहे, खुर्ची आहे, रविवारी सुट्टी आहे. बायको म्हणते, ह्यात विचार काय करायचाय? तिला काय सांगू? परवा जेवायला बोलावलं होतं त्यानं, सगळे होते, सासूबाई, मुलं, आणि मी आपला पोळ्या वाढतोय, रिकामी ताटं उचलतोय, मला कळतच नाही मी करतोय ते — तर हा सगळ्यांदेखत म्हणाला, दाजी, ठेवा आता तो ट्रे खाली. सगळे हसले. मीपण हसलो. प्रेमानंच म्हणाला तो. पण ते वाक्य काही केल्या जात नाही. मला नाही जायचं गोदामात. सरळ सांगतो तुला, मला नाही जायचं. मला हे येतं. माणूस दारातून आत आला की तो प्रवासानं दमलाय का भांडून आलाय हे मला त्याच्या बॅग धरण्यावरून कळतं. फरशांचं काय कळून घेऊ मी?

घरी हसतात सगळे. मी माझ्याच घरातल्या बेडरूमचं दार वाजवून आत जातो. थोरलीच्या मैत्रिणी आल्या होत्या अभ्यासाला, मी चहा घेऊन गेलो आणि एकीला म्हटलं, साखर वेगळी देऊ का मॅडम? पोरगी दिवसभर बोलली नाही माझ्याशी. तिलापण हाच कोर्स करायचा होता, बारावीनंतर. मी नाही म्हटलं. ओरडलोच. आणि इथं तुला बुटात कापूस घाल म्हणून सांगतोय. — तुझे वडील काय म्हणाले? — अच्छा. त्यांना माहीत नसेल गं. माहीत असतं तर ओरडले असते.

आल्या बघ मॅडम, तुला न्यायला असतील. ऊठ, पाठ सरळ. टाच उचलू नकोस त्यांच्यासमोर. — नमस्कार मॅडम. नाही, मी ट्रेनी नाही. मी ड्यूटी मॅनेजरच्या मुलाखतीला आलोय, दहाची वेळ दिली होती. — हो, लॉबीत म्हणाल्या होत्या, पण मी म्हटलं — कोण शोधत होतं मला? कधी आले होते? — नाही, मी इथंच होतो, साडेनऊपासून इथंच आहे, हे सिक्युरिटीवाले भाऊ सांगतील. — मुलाखती झाल्या? सगळ्या? — नाही, पण साहेब असतील ना वर, पाच मिनिटं फक्त, उभ्या उभ्या. — विमानतळावर गेले. अच्छा. — कोणाला घेतलं विचारलं तर — हो, बरोबर, तुम्ही कशा सांगणार. नाही, तुमची काहीच चूक नाही. थँक यू मॅडम. तुम्ही न्या यांना, यांना उशीर होतोय.

भाऊ, जरा फोन देता का माझा. हा बिल्ला. — दोन मिनिटं, चालू व्हायला वेळ लागतो, जुना आहे. — हं. बघा भाऊ. फोनच फोन. लॉबीत आहात का सर. सर, आपण कुठे बसलात, आम्हाला दिसत नाही. खरोखर शोधत होत्या. खरंच लॉबीत शोधत होत्या. कॉफी खरंच होती. — आणि हा घरचा. झालं का? दादा विचारतोय, काय सांगू.

तू गेली नाहीस अजून? जा ना, त्या पुढे गेल्यासुद्धा. कसला टाचणीसाहेब घेऊन बसलीस, ते खोटं नाही, पण — मी पुढूनच गेलो होतो सकाळी. खरं सांगतो. गाडीतून उतरावं तसा गेलो, इस्त्रीचा शर्ट, बायकोनं पहाटे उठून केलेली. दारावरच्या पोरानं दार उघडलं, वाकला, म्हणाला, वेलकम सर. मला. आत सोफे दिसत होते, फुलं ठेवली होती, एक बाई पेपर वाचत होती. मी त्याला म्हटलं, एक मिनिट, आलोच, आणि वळलो. पायच उचलेना आत. आणि मग इमारतीला वळसा घालून इकडं आलो तर भराभर चालायला लागलो, काय सांगू. म्हटलं, हे माझं दार. टाचणीसाहेब मला इथं बाकावर बसल्यावर आठवला. जा आता. जा, ओरडतील तुला पहिल्याच दिवशी.

हो भाऊ, उठतो. कळलं, कळलं, बाक स्टाफसाठी आहे, दुसरी बॅच येतेय. — नाही, कोणाला फोन नाही करायचाय, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. बाहेर कुठून, इथूनच ना? — बॅग? हो, बॅग तपासायचीच, बाहेर जाणाऱ्याची तपासलीच पाहिजे, मीच कित्येकांना सांगितलंय. उघडतो. चेन अडकते जरा. हे बूट आहेत, पॉलिश केलेले, आत गेल्यावर घालणार होतो. हा रुमाल. माझेच आहेत भाऊ सगळे. वाकून बघा ना, खालपर्यंत बघा.