कपाटातलं गाणं

चष्मा दुरुस्तीला दिलेला, त्यामुळे दुकानात समोर पाठमोरे बसलेले दोघे मास्तरांना पुसट दिसत होते. एक आवाज मात्र शेजारच्या घरातल्या गिटारवाल्याचा. मास्तर हाक मारणार, तोच कानावर आलं:

"लग्न नाही झालं तुझं, आणि संसार मोडल्याचं गाणं सुचलं कसं?"

"कपाटात बसून रेकॉर्ड करतो ना, कपड्यांत आवाज घुमत नाही म्हणून. मागची भिंत पातळ. पलीकडच्या काकू रोज दुपारी एकट्याच सराव करतात."

"कसला?"

"नवऱ्याला सांगण्याचा. 'अहो, मी कायमची चालले. तुमचा चष्मा फ्रिजवर असतो, शोधत बसू नका.'"

"आणि तो आल्यावर?"

"'चहा टाकू?' एवढंच. गाण्याचा शेवट तिथंच अडलाय."

मास्तरांचा फोन वाजला.

"अहो, चष्मा मिळाला की लगेच या. बोलायचंय."

"चहा टाकतेस ना?"

"नको. आधी बोलू."