चित्राला लावलेले चांदीचे डोळे

मंडळी, ऐका. टाळ जरा खाली ठेवा. प्रश्न असा – जे कळत नाही, त्याच्यासमोर बसावं का? बसावं म्हणणारे हात वर करा. नको म्हणणारे? बरं. उरलेले प्रसादासाठी आलेत.

कृष्णाकाठच्या एका गावात द्वारकाबाई भोगले नावाच्या सासूबाई. त्यांची सून मृदुला. ही रोज सकाळी अंघोळ करून देवघरापाशी यायची आणि देवघराला वळसा घालून मागच्या खोलीत जायची! तिथे भलामोठा कॅनव्हास. त्यावर रोज रंगाचा एकच हात. झाड नाही, डोंगर नाही – अमूर्त. मग ब्रश धुवायचा आणि पोळ्यांना लागायचं. म्हणायची, हीच माझी पूजा. हा हात चुकला की दिवसभर कुणावर तरी ओरडते.

सासूबाई विचारायच्या, हे काय आहे? ती म्हणायची, काही नाही. आता काही नाही, तर एवढा रंग कशाला? दूधवाल्याला त्यात म्हैस दिसली, तीही आटलेली. नवऱ्याला, श्रीधरला, भिंतीची ओल वाटली. त्यानं गवंडी आणला. गवंड्यानं चित्रावर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "गळती आतून आहे."

मंडळी, याहून चांगलं निरूपण मला अजून जमलेलं नाही.

आता ऐका. मालक गेल्यापासून द्वारकाबाईंचं मन देवघरात लागत नव्हतं. हातात माळ, मन भाजीत. एका दुपारी त्या सहज चित्रापुढे टेकल्या. कुठे बघायचं कळेना, म्हणून सगळीकडे बघितलं. आणि मन गप्प बसलं! चहाची वेळ टळून गेली. बाई घाबरल्या. देवापुढे लागत नाही आणि रंगवलेल्या कापडापुढे लागतं – हे पाप तर नव्हे? मग त्यांनी तोडगा काढला. मूर्ती नसलेल्या, नुसत्या शेंदराच्या गावदेवीला वाहतात ना, तसले चांदीचे डोळे घरात होते. ते मेणानं चित्रावर चिकटवले. आता बसायला हरकत नाही.

संध्याकाळी शेजारीण आली, डोळे बघितले आणि चपला काढायला परत बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी नारळ. मग हळद-कुंकू. श्रीधरनं दाराशी चपलांचा स्टँड ठेवला. आणि मृदुला ब्रश घेऊन आली, तर बायकांनी अडवलं. म्हणजे सुनेची पूजा बंद. का? तर पूजा चालू आहे म्हणून. समजलं? मलाही नाही.

मृदुला ओरडली नाही, हेच वाईट. पोळी लाटता लाटता एवढंच म्हणाली, "आई, तुम्हाला बसायला जागा मिळाली. माझी गेली."

द्वारकाबाई तशाच उठल्या. खोलीत जमलेल्या बायकांना बाजूला केलं आणि सुनेच्या पिठाच्या हातात ब्रश दिला.

एक बाई म्हणाली, "अहो काकू, देवाला रंग?"

"मग शेंदूर काय असतो गं?"

 मृदुलानं विचारलं, डोळे काढून ठेवू का?

"नको. देवीचे आहेत, काढले तर पाप लागेल. वरनं लेप दे. लेपाला कोण नाही म्हणतंय?"

रोज एक हात, रोज एक हात. डोळे रंगाआड गेले. बघत नाही त्या देवाकडे मागायचं काय? नारळ थांबले, बायका थांबल्या. उरल्या दोघी. एक रंगवते, एक बसते.

परवा मी तिथेच होतो. द्वारकाबाई म्हणाल्या, "मृदुला, डाव्या बाजूला आज कमी पडलंय."

"काय कमी पडलंय, आई?"

"ते मला काय माहीत?"

सुनेनं तिथे आणखी थोडा रंग लावला. दोघींनी बघितलं, माना डोलावल्या. मीही डोलावली. कशाला, ते विचारू नका.

मंडळी, तुमच्या घरातही कुणीतरी रोज असं काहीतरी करत असतं. कुणी एकटंच गुणगुणतं, कुणी झाडलेलं अंगण पुन्हा झाडतं. तुम्ही लगेच विचारता, याचा उपयोग काय? उद्या विचारू नका. शेजारी जाऊन बसा. नाहीच कळलं, तर सरकून थोडं आणखी जवळ बसा.