सलीमचा नकार

उमरखेडच्या आमच्या सलीमचं सांगतो. मोटरसायकली दुरुस्त करते, एका पायानं अधू हाय, कुबडी घेऊन चालते. टीव्हीवरच्या जोड्या जुळवणाऱ्या शोमध्ये त्याचा नंबर लागला. गड्याले खरंच लग्न करायचं होतं, म्हणून तो खुश होता.

शूटिंगवाले आले तवा मी त्याच्या दुकानातच बसलो होतो. सलीम इंजिन खोलून दाखवू लागला, तं त्याइचा साहेब म्हणाला, "ते राहू द्या. कुबडी घेऊन हळूहळू चाला."

"मी तं भराभर चालतो."

"हळूच चाला. मागे दुःखी संगीत लावायचं आहे."

बिचारा चार वेळा हळू चालला. मंग साहेबानं पुढचं समजावलं, "शेवटी मुलगी तुम्हाला आहे तसं स्वीकारते. तेव्हा तुम्ही रडायचं."

सलीमनं इचारलं, "पन मलेच पोरगी पसंत नाही आली तं?"

साहेबानं हातातले कागद चाळले. कॅमेरावाल्याकडं पाह्यलं. बाहेर जाऊन कोनाले तरी फोन लावला. परत येऊन म्हणाला, "तसं आम्ही धरलेलंच नाही."

"मंग आता धरा," सलीम म्हणाला. "तुमच्या कार्यक्रमालेच माहा नकार हाय."