रशीदभाईंनी शिकवलेलं विमान

विमानाची भीती वाटते म्हणता, तर माझं ऐका. आम्ही तेव्हा कोरेगावला राहायचो. लेक व्हिएन्नात बाळंत होणार होती, आणि एकटीनं साताऱ्यापलीकडं कधी न गेलेली मी तिच्याकडे निघाले होते. मध्ये फ्रँकफर्टला विमान बदलायचं होतं. मला इंग्रजी येत नव्हतं. तिथं चुकले तर काय, या धास्तीनं मी शेजारच्या रशीदभाईंना सांगून टाकलं, ‘तिकीट परत करते.’ ते मिलिटरीतून रिटायर झालेले.

‘आवं वैनी, चार दिस थांबा. मी शिकीवतो तुमास्नी.’

पाचव्या दिवशी त्यांनी ओसरीवर खुर्च्या मांडल्या. पट्टा कसा लावायचा, संडासाची कडी कशी सरकवायची, विमान बदलताना पाटीवर कुठला नंबर बघायचा, सगळं माझ्याकडून घोकून घेतलं.

‘न्हाईच समजलं तर तिकीट फुडं करायचं. लाजायचं न्हाई.’

मी सुखरूप पोचले. नात झाली. परत आल्यावर पेढे घेऊन गेले आणि सहज विचारलं, ‘तुम्ही कितीदा बसलात हो विमानात?’

रशीदभाई ओशाळून खाली बघायला लागले. त्यांची बायको म्हणाली, ‘ह्ये कुठलं बसत्यात! मिलिटरीत ट्रक चालवायचे. तुमच्यासाठी यष्टीनं मुंबईला गेले आन् दोन दिस इमानतळाच्या दारात हुभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला इचारत व्हते.’



‘आवं, पोरगी आईची वाट बघत व्हती न्हवं तिकडं,’ एवढंच रशीदभाई बोलले.