बाकावर टाकलेला रुमाल

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या दम्याच्या डॉक्टरीणबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या शिंकणाऱ्या, खोकणाऱ्या बंधुभगिनींनो,

माझी ओळख ‘माजी गायनशिक्षिका’ अशी करून दिली गेली. या दवाखान्यात मला ‘जुना दमा’ म्हणतात. तो फुलांचा गुच्छ कोणी जरा लांब ठेवाल का? आभारी आहे.

बाईंची खोली जिन्याखाली, बाहेर लांब बाक. पहिल्यांदा त्यावर बसले तेव्हा दोन ओळी गायल्या की माझा श्वास संपायचा. नोकरी जाणार, हे ठरल्यातच जमा होतं. शेजारी एक ट्रक ड्रायव्हर नाक पुसत बसला होता. बाई दारात आल्या तसं त्याने विचारलं, “गोळीने शिंका थांबतात, पण ती करते तरी काय?”

“उठा,” बाई म्हणाल्या. “तुम्ही हिस्टामिन.”

“मी ड्रायव्हर आहे, बाई.”

“धूळ नाकात गेली आणि शरीर बिथरलं, की हिस्टामिन सुटतं. पेशींवर त्याच्या ठरलेल्या जागा असतात, ग्राही म्हणतात त्यांना. तिथे ते बसलं की शिंका सुरू.” एवढं बोलून त्यांनी त्याच्या जागेवर आपला रुमाल टाकला. “बसा आता.”

“कसा बसू? रुमाल आहे ना!”

“झालं. गोळी एवढंच करते.”

“आणि दम्याला?” मी धापा टाकत विचारलं.

“श्वासनळीच्या स्नायूंवरच्या जागा वेगळ्या हो. तिथे जागा अडवून भागत नाही. फवाऱ्यातलं औषध स्वतः येऊन बसतं, तेव्हा आवळलेले स्नायू सैल होतात.”

ड्रायव्हर बिचारा नंबर येईपर्यंत उभाच राहिला. टाकलेल्या रुमालाचा मान आपण सगळेच ठेवतो.

मी मात्र निवृत्त होईपर्यंत गाणं शिकवलं. वरचा षड्जसुद्धा लावला. तो कसा लागायचा, हे आज विचारू नका. किती मुलींचे आवाज कानात आहेत! ते सगळे या बाईंमुळे.

अध्यक्ष महोदय, बाईंच्या जागी कोणाला नेमणार नाहीत, खोलीत मोडक्या खाटा ठेवणार, असं कानावर आलं. खाटांशी माझं वैर नाही. पण त्या बाकावरच्या माणसांनी जायचं कुठे?

म्हणून इथे येण्याआधी मी बाईंच्या खुर्चीवर माझा रुमाल टाकून आले आहे. धुतलेला आहे. पण ती जागा दम्याची. तिथे रुमालाने भागायचं नाही, कोणीतरी येऊन बसावंच लागेल.

तुम्ही शांतपणे ऐकलंत, अधूनमधून शिंकलात, त्याबद्दल आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि अध्यक्ष महोदय, रुमाल मला परत हवा आहे. नव्या डॉक्टरांच्या हातून दिलात तरी चालेल.