सलीमची कादंबरी आणि गार चहा

हसणार नसाल तर सांगतो. काल माझा शाळेतला दोस्त सलीम नांदेडहून लातूरला आला, आपली नवी कादंबरी मला कशी वाटली ते विचारायला. माणूस कापड विकतो, पण लिहितो जीव लावून.

मी आधी दुसऱ्याच पुस्तकांवर बोलून राहिलो. "डॉक्टरनं आराम सांगितलाय, म्हणून यंदा लई वाचलं बघ. एक बक्षीसवाली कादंबरी वाचली, तिच्यात सगळे खिडकीबाहेरच बघत बसतात. कविता बऱ्या होत्या. एका कंडक्टरचं आत्मचरित्र मात्र एक नंबर!"

"अन् माझी?"

"तुझी... भाषा छान आहे."

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "ह्यांचं काय ऐकता, सलीमभाई! पुस्तक कसं आहे ते मला चहावरून कळतं. त्या बक्षीसवाल्या कादंबरीला ह्यांनी दर दोन पानांना चहा मागितला. कंडक्टरच्या वेळी चहावर साय आली, तरी कपाला हात नाही."

सलीम पुढं सरकला. "भाभी, खरं सांगा, माझ्या वेळी?"

"दोन कप गार झाले."

सलीमचा चेहरा असा फुलला की विचारू नका. मलाही वाटलं, सुटलो. पण आमची बायको खोटं बोलत नाही, अन् अर्धंही बोलत नाही.

"उठवायचं जिवावर आलं हो. इतके शांत झोपले होते!"

मी पंख्याकडं बघून राहिलो. सलीमनं निवांत चहा संपवला अन् माझ्या पाठीवर थाप मारली.

"डॉक्टरनं तुला आराम सांगितलाय ना? दुसरा भाग लिहून राहिलो. पाठवतो."