गळका नळ

शेजारच्या वहिनींच्या कुंड्या टांगायला हूक हवे, म्हणून काका हार्डवेअरच्या दुकानात रांगेला उभे होते. पुढे दोघी बहिणी बोलत होत्या.

“ताई, भावोजींना सांग ना नळाचं.”

“सांगून सांगून तोंड दुखलं. शेजारणीचा नळ गळला, तर भरल्या ताटावरून उठले! वर तिला वेलासाठी मांडव घालून दिला. मेलीच्या दारात मोगरा, माझ्या मोरीत बादली.”

“मग हा वॉशर कोण बसवणार?”

“तेच. मी तो तिच्याकडे देणार आहे.”

“तिच्याकडे?”

“ती म्हणाली, ‘भावोजी, एवढं बसवून द्या ना,’ की येतील धावत. स्वतःच्याच घरी!”

रांग पुढे सरकली.

“काका, तुम्हाला?”

“हूक द्या... आणि एक वॉशर. नळाचा.”